मी न पाहिलेली सर्वांत भारी मॅच

आमच्या यादीत सोळा वर्षं पहिल्या नंबरवर असलेली मॅच मी पाहिलेली नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना माझा राग यायचा आहे त्यांना तो वेळेवर येईल. मी मात्र ही गोष्ट वेळेवर सांगितली नाही. ज्या दोन माणसांना ती सांगायला हवी होती, माझ्या वडिलांना आणि माझ्या मुलाला, त्यांच्यापासूनच ती लपवली. वर त्यांच्यासमोर ती मॅच वर्षानुवर्षं मिरवली.

यादी म्हणजे कॉलेज फुटबॉलच्या, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या अमेरिकन फुटबॉलच्या, आजवरच्या सर्वांत भारी दहा मॅचेसची यादी. अमेरिकेतल्या नोव्हाय गावातली आणि आजूबाजूची आम्ही चार मराठी घरं ती करतो. आमची पोटं गाड्यांवर चालतात. कुणी ब्रेक डिझाइन करतं, कुणी सीटखालच्या वायरींत डोकं घालून बसतं, आणि सोमवार ते शुक्रवार आम्ही सगळे अतिशय समंजस लोक असतो. ऑगस्टच्या शेवटी कॉलेजांचा सीझन सुरू झाला की शनिवारी आमच्या अंगात येतं. ज्या कॉलेजांची आम्ही फीसुद्धा भरलेली नाही त्यांच्यासाठी आम्ही भांडतो. नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीतल्या शनिवारी तर सगळे जण पुण्याच्या मित्राच्या बेसमेंटमध्ये जमतो. मित्र पुण्याचा, म्हटल्यावर वादविवाद त्याच्याच घरी व्हायचे हे ओघानेच आलं.

दिवसभर मॅचेस बघायच्या, मिसळ खायची, मिसळीची शेव संपली की टॉर्टिया चिप्स चुरून घालायच्या. संध्याकाळ झाली की टीव्हीचा आवाज बंद होतो आणि फ्रिजमागून चार्ट पेपरची गुंडाळी बाहेर येते. तिच्यावर काकांच्या ठसठशीत अक्षरात दहा ओळी. जुनी ओळ खोडायची असेल तर वाद घालून खोडायची, नवी चढवायची असेल तर वाद घालून चढवायची.

काका म्हणजे या मित्राचे वडील. आता शहाऐंशी वर्षांचे आहेत. जिल्हा कोर्टात कारकुनी करून निवृत्त झाले आणि सत्तरीत ग्रीन कार्डावर इकडे आले. पहिल्याच हिवाळ्यात घरात बसून बसून कंटाळले आणि टीव्हीवर फुटबॉल बघायला लागले. आम्हाला वाटलं, दोन दिवसांत सोडतील. पण खेळ दर दोन मिनिटांनी थांबतो, पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टातले पंच घोळका करून चर्चा करतात, मग एक जण मध्ये येऊन निकाल वाचून दाखवतो, हे बघून काकांचा चेहरा फुलला. “अरे, हा खेळ कुठला? हे तर आमचंच काम,” म्हणाले. तेव्हापासून नियमांचं पुस्तक त्यांच्या उशाशी असतं.

यादीचा मुख्य नियमही त्यांचाच. जो मॅच सुचवेल त्याने ती पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली असली पाहिजे. पेपरात वाचलं, कुणी सांगितलं, यूट्यूबवर दोन मिनिटांचा तुकडा पाहिला, असलं काही चालणार नाही. उभं राहून साक्ष द्यायची, मग काका उलटतपासणी घेणार. टीव्हीवर पाहिलेली चालते, पण स्टेडियममध्ये बसून पाहिलेली असेल तर काका मान जरा जास्त हलवतात.

वाद तर काय होतात! मित्राचं म्हणणं असं की मॅचवर काहीतरी मोठं टांगलेलं पाहिजे. “चॅम्पियनशिप पणाला नसेल तर कसली ग्रेटेस्ट यार? मग ती नुसती एक्सायटिंग झाली.” त्याच्या बायकोला हे अजिबात मान्य नाही. तिची मॅच म्हणजे कुठल्यातरी चिमुकल्या कॉलेजने येऊन एका धटिंगणाला त्याच्याच मैदानावर लोळवलं ती. “ते पोरं सोमवारी परत जाऊन अकाउंटिंगचा पेपर देणार होते,” असं ती दर वर्षी सांगते आणि दर वर्षी पेपर नॅपकिन शोधते. माझा नवरा बर्फातल्या मॅचच्या बाजूने. त्या मॅचमध्ये मैदानावरच्या रेघासुद्धा दिसत नव्हत्या. मित्र म्हणतो की जे दिसलंच नाही ते ग्रेट कसं. यावर दोघे एकदा असे भिडले की पुढचे दोन शनिवार आमच्याकडे फक्त आम्हीच होतो.

माझ्या मॅचवर मात्र वाद नसायचा. चौघांत त्या वेळी प्रत्यक्ष स्टेडियममध्ये बसलेली मी एकटी. शिवाय मॅचच तशी. आम्ही, म्हणजे मी शिकले त्या युनिव्हर्सिटीची टीम, पाच गुणांनी मागे, मिनिटही उरलेलं नाही. या खेळात चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावं लागतं, नाहीतर चेंडू समोरच्यांच्या हवाली. आमचे तीन प्रयत्न फुकट गेलेले. चौथ्याला चेंडू कोपऱ्यात उंच फेकला आणि ज्याला वर्षभर बाकावरून कुणी उठवलं नव्हतं अशा एका पोराने तो आडवा होऊन झेलला. सहा गुण, मॅच आमची. पहिल्या वर्षी मी उभी राहून हे सांगितलं तेव्हा काकांनी चष्मा काढून ठेवला. मग उलटतपासणी. कुठे बसली होतीस? वरच्या रांगेत, कोपऱ्यात. काय खाल्लंस? नाचोज. ऊन कुठल्या बाजूने होतं?

“डाव्या डोळ्यावर,” मी म्हणाले.

“मंजूर,” काका म्हणाले, आणि पहिल्या नंबरवर माझी मॅच चढली.

आता खरं काय ते सांगते.

सत्तावीस वर्षांपूर्वी मी अकोल्याहून एका लहानशा युनिव्हर्सिटी टाउनमध्ये मास्टर्स करायला आले. स्टुडंट व्हिसावर काम करायचं तर कॅम्पसवरच. लायब्ररीतल्या जागा माझ्याआधी आलेल्या हैदराबादच्या मुलांनी भरून टाकलेल्या. मला मिळाला स्टेडियमच्या पोटातला खाण्याचा काउंटर. जन्मात अंडं फोडलेलं नाही अशी मी, दर शनिवारी पिवळा एप्रन आणि कागदी टोपी घालून चिमट्याने सॉसेज उचलून पावात ठेवत असे. पहिल्या दिवशी श्वास रोखून केलं. तिसऱ्या शनिवारी मी गिऱ्हाइकाला सांगत होते की तो कडेचा घ्या, चांगला भाजलाय.

काउंटर स्टँडच्या बरोबर खाली होता. डोक्यावर काँक्रीट, त्यावर हजारो माणसं. शेजारून एक चढणीची वाट, रॅम्प, वर मैदानाकडे जायची. तिच्या टोकाला आभाळाचा एक चौकोन दिसायचा आणि दुपारी त्यातून उन्हाची पट्टी खाली उतरायची. आमच्याकडे टीव्ही नव्हता. मॅच मला फक्त ऐकू यायची, पण ऐकून ऐकून मला ती कळायला लागली. आपल्या टीमकडे चेंडू असला की घरचे प्रेक्षक गप्प होतात, कारण मैदानावरच्या पोरांना एकमेकांच्या सूचना ऐकू यायला हव्यात. समोरच्यांकडे चेंडू गेला की मुद्दाम बोंबा मारतात. म्हणजे शांतता आपली, गोंगाट त्यांचा. यार्ड जिंकले की वर पाय आपटायचे आणि माझ्यासमोर केचपच्या बाटल्या एकमेकींवर वाजायच्या. मी कधी वर गेले नाही, पण सीझनच्या मध्यापर्यंत बाटल्यांवरून मला स्कोअर सांगता येत होता.

त्या शनिवारी शेवटी शेवटी गिऱ्हाईकच येईना. सगळे वर. माझ्याबरोबर काम करणारे दोघे, एक लाल केसांचा लंबू आणि एक त्याच गावातली मुलगी, रॅम्पकडे बघून चुळबुळ करत होते. आमची सुपरवायझर साठीची एक जाडजूड बाई होती. तिने टेबल पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं आणि म्हणाली, “गो. ऑल ऑफ यू. गो सी इट.” ते दोघे एप्रनसकट पळाले. मी तिथेच.

“यू टू, हनी,” ती म्हणाली.

मी म्हणाले, “आय डोन्ट हॅव अ टिकेट.”

तिला आधी कळलंच नाही. मग ती हसली, तिला वाटलं मी विनोद केला. मी विनोद केला नव्हता. माझे बाबा बसकंडक्टर. चौतीस वर्षं त्यांनी लाल गाडीत उभं राहून लोकांना तिकिटं दिली. आमच्या घरी चोरी, शिवी आणि विनातिकीट या तिन्ही गोष्टी एकाच रांगेत बसायच्या. सख्ख्या मामाला बाबांनी भर गाडीत तिकीट काढायला लावलेलं मी लहानपणी पाहिलंय, आणि मामा पुढची दोन वर्षं दिवाळीला आला नाही तेही पाहिलंय. अशा घरातून आलेल्या मला तीस पावलांवर काय आहे याने फरक पडत नव्हता. वरच्या माणसांनी तिकीट काढलं होतं, मी काढलं नव्हतं, विषय संपला.

वर एकदम शांत झालं. आमचा चेंडू. इतकी माणसं डोक्यावर असून मला फ्रिजची घरघर ऐकू येत होती. मी काउंटरची कड घट्ट धरून उभी होते. त्या शांततेचा शेवट झाला तेव्हा छतातून बारीक धूळ पडली, दोन बाटल्या खाली गेल्या, आणि सुपरवायझरने मला मिठी मारली. आम्ही दोघी खाली उड्या मारत होतो. मला काय झालं ते माहीत नव्हतं, मला फक्त आम्ही जिंकलो एवढं माहीत होतं. खरं सांगते, त्या क्षणी मला जराही वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते दुसऱ्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी रविवार, घरी फोन करायचा दिवस. कॉलिंग कार्डावरची मिनिटं मोजकी, म्हणून बाबा प्रश्न आधीच ठरवून बसायचे. त्यांच्या डेपोत कुणाचातरी जावई अमेरिकेत होता, त्याने सांगितलं होतं की त्या गावात काल म्हणे मोठी मॅच झाली. “पाहिली काय तू?” बाबांनी विचारलं. मी लायब्ररीत काम करते असं मी त्यांना सांगून ठेवलं होतं. सॉसेजचं कुठल्या तोंडाने सांगणार? आता त्या स्टेडियममध्ये मी काय करत होते हे सांगायचं तर ते सगळंच बाहेर आलं असतं. मी म्हणाले, “पाहिली ना बाबा.”

“तिकीट काढलं होतं ना?”

“हो बाबा.”

एवढंच. दोन शब्द. मग मी त्यांना पेपरात वाचलेली मॅच सांगितली, बाकावरच्या पोराचा झेल सांगितला, आणि पलीकडे बाबा आईला ओरडून ओरडून तेच सांगत होते. पुढे डेपोत त्यांनी ती मॅच किती जणांना सांगितली असेल कोण जाणे. आमची पोरगी एक लाख माणसांत बसून आली. सुट्टीत गेले तेव्हा त्यांचा एक जुना ड्रायव्हर मला रस्त्यात थांबवून विचारत होता, “तेच का तुम्ही, मॅचवाल्या?”

नंतर त्यातून सुटका नव्हती. लग्नानंतर वर्षभराने नवऱ्याला मात्र खरं सांगितलं. तो हसून म्हणाला, “जाऊ दे यार, कोण चेक करतंय!” मुलगा झाला, त्याला झोपवताना गोष्टी सांगायच्या, त्यात ही गोष्ट आपोआप आली. तो ती रोज मागायचा. यादी सुरू झाली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि माझी साक्ष तो माझ्या मांडीला टेकून तोंडातल्या तोंडात माझ्याबरोबर म्हणत होता. टीव्हीवर कधी त्या झेलाचा तुकडा दाखवायला लागले की मी पाणी आणायला उठायचे. लाज वाटायची, दुसरं काय! पुढे मुलाने कॉलेजचे अर्ज भरले, त्यात निबंध लिहायचा असतो. त्याने लिहिलं की माझी आई एकटी, कुणी ओळखीचं नसताना, एक लाख अनोळखी माणसांत जाऊन बसली आणि त्या दिवशी ती या देशाची झाली. मला वाचायला दिला. मी त्यातल्या स्वल्पविरामाच्या दोन चुका काढल्या आणि परत दिला. त्याच निबंधावर तो माझ्याच युनिव्हर्सिटीत गेला.

हा गेला नोव्हेंबर. मुलगा शेवटच्या वर्षाला, सुट्टीला घरी आलेला. मित्राच्या बेसमेंटमध्ये मिसळ झाली, चार्ट पेपर निघाला, काका खुर्चीत सरसावून बसले, आणि मुलगा म्हणाला, “वेट. आधी एक सरप्राइज आहे, फॉर आई.” मागच्याच महिन्यात माझी पन्नाशी झाली होती, तेव्हा तो परीक्षेमुळे येऊ शकला नव्हता. त्याने लॅपटॉप टीव्हीला जोडला. पडद्यावर जुन्या व्हिडिओ टेपच्या आडव्या रेघा आल्या आणि मला ओळखीचं स्टेडियम दिसलं, मी कधीच न पाहिलेल्या बाजूने.

“पूर्ण मॅच,” तो म्हणाला. “कुणीतरी व्हीसीआरवर रेकॉर्ड केलेली. मला फोरमवर एक म्हातारा भेटला, त्याच्याकडे होती. अँड नाऊ वी आर गोइंग टु फाइंड आई.”

मला शोधणार होता. त्याने सगळं गणित करून ठेवलं होतं. दुपारची मॅच, ऊन आईच्या डाव्या डोळ्यावर, म्हणजे आई उत्तरेकडे तोंड करून बसलेली, म्हणजे दक्षिणेकडचा स्टँड, वरची रांग, कोपरा. आमचा काउंटर त्याच स्टँडखाली होता. खोटं बोलताना माणूस जवळ असेल तेच उचलतो. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, “अरे, आधी यादीचं बघू या का? काकांना उशीर होतो.” काका म्हणाले, “मला कसला उशीर? लाव तू.”

मॅच सुरू झाली. मुलगा दर वेळी प्रेक्षक दिसले की पॉज करायचा. मित्राची बायको पडद्याला नाक लावून म्हणायची, “ही बघ, ही केसांवरून तूच वाटतेस.” मी नाही म्हणायचे. मग पुढे. सगळे इतके आनंदात होते. मुलगा दर थोड्या वेळाने माझ्याकडे वळून बघायचा, मी हसतेय का ते. मी हसत होते.

शेवटचं मिनिट आलं. तीन प्रयत्न फुकट गेले. समोरच्या कोचने वेळ मागून घेतला आणि कॅमेरा दक्षिणेच्या स्टँडवरून हळूहळू फिरला. मुलाने पॉज केलं. स्टँडच्या मधोमध एक काळा चौकोन होता, रॅम्पचं तोंड. आणि त्या तोंडाशी दोन पिवळे ठिपके. एप्रन. एक लंबू आणि एक बुटकी, दोघांच्या डोक्यावर कागदी टोप्या, आणि लंबूने टोपी पडू नये म्हणून हाताने धरलेली. आजूबाजूच्या माणसांनी त्यांना आत ओढून घेतलं असावं, कारण एका आजोबांचा हात त्या मुलीच्या खांद्यावर होता. तिकीट कुणी विचारत नव्हतं. त्यांच्या शेजारी अजून एक जण सहज मावला असता.

“आई, व्हेअर?” मुलगा विचारत होता. “यातच कुठेतरी ना?”

“मी यात नाहीये,” मी म्हणाले. “मी खाली होते. तो रॅम्प दिसतोय ना, त्याच्या खाली. मी हॉट डॉग विकत होते. मी ही मॅच पाहिलेली नाही.”

मग मी बोलतच राहिले. काउंटर, चिमटा, बाटल्या, सुपरवायझर, तिकीट, बाबांचा फोन, सगळं. सांगून झाल्यावर मित्राने उगाच घसा खाकरला. काकांनी चार्ट पेपर मांडीवर घेतला, पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाले, “सोळा वर्षांनी साक्षीदार फितूर. तोही स्वतःविरुद्धच.” त्यांनी पहिल्या ओळीवर सरळ रेघ मारली. मला ते बरोबरच वाटलं. मित्र म्हणाला, “बाबा, मॅच ग्रेट आहेच ना पण?” काका म्हणाले, “मॅचबद्दल मी काही बोललोच नाही.”

मुलगा उठून वर गेला. त्याला मी लहानपणी कधी मारलं नाही, पण त्या वेळी त्याचा चेहरा मारल्यासारखा दिसत होता. मी मागोमाग गेले. तो किचनच्या मागच्या डेकवर, थंडीत, जॅकेट न घालता उभा होता.

“आय रोट माय एसे ऑन धिस,” तो म्हणाला.

“माहितीये.”

“यू रेड इट. यू फिक्स्ड द कॉमाज.”

मी सॉरी म्हणाले. त्याने शेजारच्या ग्रिलचं सरकलेलं कव्हर ओढून नीट बसवलं. मग म्हणाला, “वर का नाही गेलीस? लाइक, रिअली. शी टोल्ड यू टु गो.”

“तिकीट नव्हतं.”

“नोबडी वॉज चेकिंग, आई.”

“म्हणूनच,” मी म्हणाले. हे त्याला कसं समजावायचं ते मला अजूनही माहीत नाही. तपासणारा असता तर त्याला विचारता आलं असतं. तपासणारं कुणी नव्हतं, म्हणून मनातल्या बाबांनाच तपासायला माझ्यासोबत उभं राहावं लागलं, आणि बाबांनी नाही म्हटलं.

त्याने विचारलं, “आबांना माहितीये?” आबा म्हणजे माझे बाबा. मी नकारार्थी मान हलवली. त्याने खिशातून फोन काढला. अकोल्यात रविवारची सकाळ झाली होती, बाबा पहाटेच उठतात. मी म्हणाले, “आत्ता नको रे, त्यांचं वय बघ.” तो म्हणाला, “यू टोल्ड मी. नाऊ टेल हिम.” आणि त्याने व्हिडिओ कॉल लावून फोन माझ्या हातात दिला.

पडद्यावर आधी छताचा पंखा दिसला, मग बाबांचं कपाळ. “काय करून राहिली? सगळं बरं ना?” त्यांनी विचारलं. चौऱ्याऐंशी वर्षांचे बाबा. गळ्यात मफलर, हातात चहाची बशी. मी म्हटलं, बाबा, ती मॅच आठवते? “आठवते म्हणजे?” ते म्हणाले आणि त्यांनी लगेच बाकावरच्या पोरापासून सुरुवात केली. मी त्यांना थांबवलं. लायब्ररीत काम नव्हतं, सॉसेज विकत होते, हे आधी सांगितलं. ते म्हणाले, “बरं. अन्नच होतं ना ते कुणाचं तरी.” मग मी म्हणाले की मॅच मी पाहिली नाही. तिकीट काढलं होतं म्हणाले ते खोटं. वर जायची वाट शेजारीच होती, बाईने जा म्हटलं होतं, तरी मी गेले नाही, आणि आज तुमच्या नातवाने पूर्ण मॅचची टेप मिळवून तिच्यात मला शोधलं.

“कावून नाही गेली?”

“तिकीट नव्हतं, बाबा.”

बाबांनी बशी खाली ठेवली. चेहरा असा झाला की मला वाटलं, आता रागावतील. मुलगा माझ्या खांद्यावरून बघत होता.

“तू तिथं कामावर होती ना?” बाबांनी विचारलं. “ड्यूटीवर?”

“हो.”

“मंग? ड्यूटीवरच्या माणसाले तिकीट लागते काय? चौतीस वर्षं मी त्या गाडीत चढलो. एक दिवस तरी माझं तिकीट फाडलं काय मी?”

मला रडताना बघून बाबा कावरेबावरे झाले आणि फोन डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, “कायले रडते बाप्पा आता? मॅच आहे ना त्या पोराजवळ? मंग जाय. पाहून घे.”